श्रवणसुखाची मात्रा



आपल्या स्मरणिकेत मधुमेह, रक्तदाब, लसीकरण या विषयांवरचे उत्तमोत्तम लेख दरवर्षी वाचावयास मिळतात. यंदा संपादक मंडळाने व्यवसायाबाहेरचे काही लिहावे, असा आग्रह धरला. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्यातील अनेक मित्रांनी मला एकच प्रश्न विचारला आहे, आणि त्याचे उत्तर फोनवर देता देता ते नेहमी अर्धवट राहते. म्हणून तेच येथे सविस्तर मांडतो. प्रश्न असा : "घरात एक लहान खोली मोकळी झाली आहे. गाणे ऐकण्यासाठी चांगले उभे स्पीकर घ्यावेत म्हणतो. कोणते घेऊ?"

या प्रश्नामागची परिस्थिती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. मुले शिक्षणानिमित्त पुण्याला, बंगळुरूला, काहींची अमेरिकेला गेली. त्यांची दहा बाय बाराची खोली रिकामी झाली. तीस वर्षे ओपीडी सांभाळल्यावर हाती थोडा पैसा आणि संध्याकाळचा एखादा तास आला. घरात वडिलांच्या वेळच्या ध्वनिमुद्रिका आहेत. शिवाय आपण इंदूरकर. उस्ताद अमीर खाँसाहेबांची जडणघडण ज्या गावात झाली ते हे गाव, आणि कुमारजींचे देवास येथून तासाभराच्या अंतरावर. तेव्हा ऐकण्याची हौस आपल्या रक्तातच असावी, यात नवल नाही.

ही खरेदी हौसेची असली तरी क्षुल्लक नाही. नामांकित कंपन्यांच्या वरच्या श्रेणीतील उभ्या स्पीकरांची जोडी आज लहान मोटारीच्या किमतीला जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या कानांची उरलेली चांगली वर्षे मोजकी असतात. ती कशी वापरायची, हा या खरेदीतला खरा प्रश्न आहे.

बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते. औषधाची मात्रा बालकाच्या वजनावरून ठरते, औषधाच्या प्रतिष्ठेवरून नव्हे. दहा किलोच्या मुलाला प्रौढाची मात्रा दिली तर उत्तम औषधही अपाय करते. स्पीकरांच्या बाबतीत खोली हा रुग्ण आहे आणि तिचे घनफळ हे तिचे वजन. पुढील सारा लेख म्हणजे या वाक्याचा विस्तार आहे.

खोली : अर्धा स्पीकर

उदाहरणादाखल माझीच खोली घेऊ. लांबी १२ फूट, रुंदी १० फूट, आणि घर जुन्या पद्धतीचे असल्याने उंचीही १० फूट. घनफळ १२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. आपल्यापैकी बहुतेकांची खोली थोड्याफार फरकाने अशीच असेल.

ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर. या वेगाला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागले की जी कंपनसंख्या मिळते, त्या स्वराची लाट समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये नेमकी बसते. मग तो स्वर खोलीत घुमू लागतो. १२ फुटांसाठी हे उत्तर ४७ हर्ट्झ येते आणि १० फुटांसाठी ५६ हर्ट्झ. माझ्या खोलीत रुंदी व उंची समान असल्यामुळे ५६च्या ठिकाणी दोन घुमारे एकावर एक येतात. याखेरीज भिंतींच्या दोन जोड्या मिळून आणखी एक घुमारा तयार होतो, तो ७३ हर्ट्झच्या आसपास, आणि वरील योगायोगामुळे तोही दुहेरी. खोलीची तीन मापे एकमेकांपासून जितकी वेगळी, तितके हे घुमारे विखुरतात व सौम्य होतात. घनाकृती खोली सर्वांत वाईट, ते यामुळेच.

सुमारे २०० हर्ट्झच्या खाली अशा खोलीत स्पीकरपेक्षा खोलीचाच अंमल अधिक चालतो. त्यात भिंतींच्या सान्निध्याची भर पडते. स्पीकर भिंतीला लागून ठेवला की एकेका भिंतीमुळे खर्जात ६ डेसिबेलपर्यंत वाढ होते. कोपऱ्यात ठेवला तर दोन भिंती आणि जमीन मिळून खर्जाला ऊत येतो. कंपनीने मोकळ्या जागेत मोजून छापलेला आलेख आपल्या घरात तसाच उतरेल, ही अपेक्षा म्हणूनच व्यर्थ आहे. खर्ज २५ हर्ट्झपर्यंत सपाट जाणारा मोठा स्पीकर आपल्या खोलीत सपाट राहत नाही. तो फुगतो.

आपल्या गाण्याला किती खर्ज लागतो?

पाश्चात्य नियतकालिकांतील परीक्षणे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांचे संगीत आणि आपले संगीत यांची खालची मर्यादा वेगळी आहे. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा, डबल बासची खालची तार ४१ हर्ट्झची, तर चर्चमधील मोठ्या ऑर्गनचा खालचा स्वर १६ हर्ट्झपर्यंत उतरतो. त्या मंडळींना ३० हर्ट्झखालच्या खर्जाचे अप्रूप असणे स्वाभाविक आहे.

आपल्याकडे पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली तर मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झला. सफेद दोनची पट्टी असेल तर ही तार ७३ हर्ट्झला येते. स्त्री गायिकेची पट्टी काळी पाच धरली तर खर्जाची तार ११६च्या आसपास. पुरुषाचा कंठ ८० हर्ट्झच्या खाली सहसा जातच नाही. ख्यालाच्या मैफिलीत ६० हर्ट्झच्या खाली गाण्यापैकी फारसे काही नसते. तेथे असते ती ध्वनिमुद्रिकेची घरघर, माइकच्या स्टँडला लागलेला पाय आणि सभागृहातील पंख्यांची घुमघुम.

जुन्या ध्वनिमुद्रिकांची कथा तर आणखी वेगळी. विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण १९२५ साली सुरू झाले. त्यापूर्वी गायक कर्ण्यात तोंड घालून गात आणि त्या तबकडीवर साधारण २०० ते ३००० हर्ट्झ एवढाच पट्टा उतरे. अशा मुद्रणांना मोठ्या वूफरचा काडीइतका उपयोग नाही.

आता वरचे आकडे पुन्हा पाहावेत. माझ्या खोलीचा दुहेरी घुमारा ७३वर आणि सफेद दोनच्या तानपुऱ्याचा खर्जही ७३वर. तानपुरा ऐकू येण्याऐवजी खोली गुंजू लागते, डग्ग्याची मींड एकाच स्वरावर अडकल्यासारखी वाटते, आणि खाँसाहेबांच्या विलंबित मारव्यातील मंद्र सप्तकातली ती सावकाश बढत जणू धुक्यातून येते. स्पीकर महाग असतो, दोष त्याच्यात नसतो. मात्रा जास्त झालेली असते.

येथे शरीरविज्ञानाचाही एक मुद्दा आहे. खालचे स्वर वरच्या स्वरांना झाकतात, त्याच्या उलट मात्र तितकेसे घडत नाही. अंतर्कर्णातील बेसिलर पटलावर खर्जाची लाट उंच स्वरांच्या जागेवरूनच पुढे जाते, हे आपण शिकलो आहोत. त्यामुळे अतिरिक्त खर्जाची किंमत शब्दांना मोजावी लागते. व्यंजने पुसट होतात, बंदिशीचे बोल कळेनासे होतात. तरुण कानाला हे जाणवते, वृद्ध कानाला ते फार जाचते.

उभे की स्टँडवरचे?

एवढे वाचून कोणी म्हणेल, "मग उभे स्पीकर घेऊच नयेत!" माझे तसे म्हणणे नाही. दोन्ही बाजू नीट पाहिल्या पाहिजेत.

लहान स्पीकरांची परंपरा थोर आहे. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत बसावा म्हणून एलएस३/५ए हा फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. मनुष्याचा आवाज खरा वाटला पाहिजे, ही त्यामागची मुख्य अट. त्याच बीबीसीतून निवृत्त झालेल्या हारवुड यांनी १९७७ साली हार्बेथ ही कंपनी काढली, आणि कंठसंगीताच्या रसिकांत तिचे नाव आजही आदराने घेतले जाते. केवळ गायन ऐकणाऱ्याला असा स्पीकर वर्षानुवर्षे पुरतो.

उभ्या स्पीकरांच्या बाजूनेही सबळ कारणे आहेत. पहिले असे की आपण रात्री, हळू आवाजात ऐकतो. आवाज जसजसा कमी होतो तसतसा कानाला खर्ज अधिक वेगाने कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलेली ही गोष्ट. मंद आवाजातही तानपुरा भरीव वाटावा यासाठी थोडा अधिक खर्ज हाताशी असलेला बरा. दुसरे कारण सहजतेचे. दोन-तीन वूफर काम वाटून घेतात, त्यामुळे पखवाजाची थाप किंवा चित्रपटगीतातील वाद्यवृंद आला तरी ओढाताण होत नाही. तिसरे कारण जागेचे. स्टँडवरचा स्पीकर आणि सडपातळ उभा स्पीकर जमिनीवर सारखीच जागा अडवतात.

चौथे कारण माझ्या व्यवसायातले. सुटीत नातवंडे येतात. दोन वर्षांच्या मुलाचा धक्का लागून स्टँडवरचा स्पीकर खाली येणे ही मुळीच काल्पनिक भीती नाही. फर्निचर अंगावर पडून झालेल्या इजा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. अर्थात उभा स्पीकरही २५-३० किलोंचा असतो आणि उंच असल्याने कलंडू शकतो. म्हणून रुंद पायांचाच घ्यावा, आणि गुळगुळीत कोटा फरशीवर टोकदार खिळ्यांऐवजी घट्ट बसणारे रबरी पाय लावावेत. काही महागड्या स्पीकरांचा ट्वीटर बेरिलियमचा असतो. त्याचा चुरा श्वासात जाणे घातक, हे डॉक्टरांना सांगणे न लगे. त्यावरील जाळी मुले घरात असताना काढू नये.

सारांश, प्रश्न "उभे की बसके" हा नाही. कोणत्या आकाराचे उभे, हा आहे. चांगल्या कंपन्या एकाच मालिकेत लहानमोठी भावंडे देतात. केईएफच्या आर मालिकेत स्टँडवरचा आर३ आहे, सव्वापाच इंची दोन वूफरांचा आर५, साडेसहा इंची दोन वूफरांचा आर७ आणि तसे चार वूफर असलेला आर११. बॉवर्स अँड विल्किन्सच्या ८०० मालिकेत ८०५ हा स्टँडवरचा, आणि ८०४पासून ८०१पर्यंत उभे स्पीकर आकाराने वाढत जातात. मधल्या व वरच्या स्वरांचा दर्जा अशा भावंडांत बव्हंशी सारखा असतो, वाढतो तो प्रामुख्याने खर्ज आणि मोठा आवाज पेलण्याची ताकद. आपल्या खोलीला जे पचत नाही त्यासाठीच अधिक पैसे मोजण्यात काय हशील?

निवडताना पाहावयाच्या चार गोष्टी

पहिली, पेटीची जात. बहुतेक स्पीकरांच्या पेटीला खर्ज वाढवण्यासाठी छिद्र असते, त्याला पोर्ट म्हणतात. अशा पेटीचा खर्ज ठरावीक मर्यादेपर्यंत टिकतो आणि त्याखाली सप्तकामागे २४ डेसिबेल वेगाने कोसळतो. बंद पेटीचा खर्ज लवकर उतरू लागतो, मात्र सप्तकामागे १२ डेसिबेल असा संथ उतरतो. लहान खोली खालच्या खर्जाला आपणहून उठाव देते, त्यामुळे बंद पेटी तिच्याशी चांगली जुळते. कॅलिफोर्नियाची मॅजिको ही कंपनी ॲल्युमिनियमच्या बंद पेट्यांसाठी ख्यात आहे, पण त्यांची किंमत सर्वांना परवडणारी नाही. पोर्ट पाठीमागे असेल तर भिंतीपासून अंतर लागते. काही कंपन्या पोर्ट बुजवण्यासाठी स्पंजचे बोळे सोबत देतात. ते बोळे म्हणजे मात्रा कमी करण्याची सोय समजावी.

दुसरी गोष्ट, ऐकण्याचे अंतर. उंच पेटीत तीन-चार ड्रायव्हर एकाखाली एक असतात. त्यांचा आवाज एकजीव होण्यास अंतर लागते. मोठ्या स्पीकरांपासून सहा-सात फुटांवर बसले की गायकाचा आवाज एकीकडून आणि तबला दुसरीकडून आल्यासारखा वाटू शकतो. ट्वीटर मधल्या ड्रायव्हरच्या केंद्रातच बसवण्याची योजना केईएफने १९८८ साली युनि-क्यू नावाने आणली. ती जवळून ऐकणाऱ्यांना विशेष सोयीची.

तिसरी गोष्ट, संवेदनशीलता व रोध. स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबेल असेल तर अशा खोलीत साडेसात फुटांवर एका वॉटमध्ये ८० डेसिबेलहून अधिक आवाज मिळतो. आपण ऐकतो ७०-७५ला. म्हणजे सरासरी पाव वॉटही पुरतो. एखाद्या जोरकस समेसाठी त्याच्या शंभरपट ताकद राखीव धरली तरी ५० वॉटचा चांगला अँप्लिफायर पुरेसा आहे. मात्र कागदावर आठ ओहम लिहिलेला स्पीकर काही स्वरांवर तीन-चार ओहमपर्यंत उतरतो. अँप्लिफायर चार ओहमला समर्थ आहे ना, हे विचारून घ्यावे. तारेवर खर्च करू नये. घराच्या वायरिंगला वापरतात तशी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार या अंतराला उत्तम चालते.

चौथी गोष्ट, वूफरच्या कडेचे आवरण. जुन्या स्पीकरांतील फोमची कड आपल्या हवेत दहा-पंधरा वर्षांत भुगा होऊन गळते. रबराची कड कितीतरी अधिक टिकते. दुय्यम हाताचे स्पीकर घेताना हे आधी पाहावे.

पडद्यामागची परीक्षा

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी स्पीकरांच्या परीक्षेला शास्त्रीय शिस्त लावली. पुढे १९९४ साली त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी दाखवून दिले की तेच स्पीकर, तेच श्रोते, पण स्पीकर दिसत असले की मोठ्या व देखण्या पेट्यांना गुण वाढतात आणि लहान, स्वस्त पेट्यांचे गुण घटतात. मध्ये पडदा आला की हा फरक बराचसा विरतो. औषधांच्या चाचण्यांत आपण जे प्लासिबोबाबत शिकलो, तेच हे. त्यांच्या अभ्यासातून आणखी दोन निष्कर्ष निघाले. श्रोत्यांची पसंती बहुधा सरळ, सपाट आणि बाजूंनाही एकसारखा आवाज देणाऱ्या स्पीकरला मिळते. आणि पसंतीत खर्जाच्या गुणवत्तेचा वाटा सुमारे ३० टक्के असतो. खर्ज महत्त्वाचा आहे, म्हणूनच तो खोलीला मानवणारा हवा.

शोरूममध्ये ऐकून निर्णय घेणे म्हणजे दुसऱ्याच्या मुलाचे वजन करून आपल्या मुलाला औषध देणे. विक्रेत्याकडे अनामत ठेवून स्पीकर काही दिवस घरी आणावेत. महागड्या मालाचे विक्रेते बहुधा नाही म्हणत नाहीत. मी गेल्या वर्षी आर३, आर५ आणि आर७ अशा तीन जोड्या या पद्धतीने घरी आणल्या. खोलीत आडवी दोरी बांधून पातळ मलमलीचा पडदा सोडला. दवाखान्यातील कंपाउंडर आणि पुतण्या मिळून पडद्यामागे जोड्या बदलत, तोवर श्रोते बाहेर चहा घेत. प्रत्येक जोडीचा आवाज मापकावर ७५ डेसिबेलला आणून ठेवला. हे अत्यावश्यक आहे, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला भासतो.

श्रोते तिघे : माझी पत्नी, आमचे एक कान-नाक-घसातज्ज्ञ स्नेही आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई. आईच्या दोन्ही कानांत यंत्र आहे. ऐकण्यासाठी लावले ते खाँसाहेबांचा मारवा, कुमारजींची निर्गुणी भजने आणि बालगंधर्वांची नाट्यपदे. पहिल्या दिवशी स्नेह्यांना सर्वांत मोठी जोडी आवडली. "काय भरदार आहे हो!" असे ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी तीच जोडी ऐकताना त्यांनीच अर्ध्या तासात आवाज कमी करावयास सांगितला. कान थकला, असे त्यांचे म्हणणे. पत्नीला स्टँडवरची आणि मधली जोडी जवळजवळ सारखी वाटली, मात्र रात्री हळू लावल्यावर मधल्या जोडीत तानपुरा अधिक उभा राहतो, हे तिने अचूक टिपले.

आईने मात्र शास्त्रार्थ केला नाही. मोठी जोडी चालू असताना ती म्हणाली, "अरे, गाणं चाललंय ते कळतंय, पण म्हणतोय काय ते नाही कळत." मधली जोडी पोर्ट बुजवून लावल्यावर ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने नाट्यपदाचे शब्द गायकाच्या बरोबरीने पुटपुटू लागली. तिन्ही दिवस पडदा तसाच होता, आणि तिन्ही दिवस ती त्याच जोडीला पुटपुटली. निर्णय तेथेच झाला. त्या खोलीत संध्याकाळी सर्वांत जास्त वेळ तीच बसते.

मांडणी

स्पीकर घरी आल्यावर फीत घेऊन अर्धा दिवस घालवावा. त्या अर्ध्या दिवसाचे मोल नव्या अँप्लिफायरपेक्षा अधिक आहे. माझ्या १२ बाय १०च्या खोलीत स्पीकर १० फुटांच्या भिंतीपुढे आहेत. त्यांचे तोंड समोरच्या भिंतीपासून ३ फुटांवर, बाजूच्या भिंतींपासून प्रत्येकी २ फूट, आणि एकमेकांत ६ फूट अंतर. श्रोता रुंदीच्या बरोबर मध्यावर. लांबीच्या मध्यावर मात्र बसू नये, तेथे ४७ हर्ट्झचा स्वर नाहीसा होतो. मागच्या भिंतीला डोके टेकूनही बसू नये, तेथे खर्ज सर्वाधिक फुगतो.

डोके मागच्या भिंतीपासून किती दूर, हे सूक्ष्म प्रकरण आहे. भिंतीवरून परतलेली लाट मूळ लाटेला जेथे छेद देते, तेथे एक स्वर क्षीण होतो. २ फुटांच्या अंतराला हा स्वर येतो सुमारे १४१ हर्ट्झ, म्हणजे जवळजवळ काळी एकचा षड्ज! खुर्ची सहा इंच मागे घेतली की हा खड्डा १८८ हर्ट्झकडे सरकतो आणि गायकाचा षड्ज जागेवर येतो. संगणकावर रूम ईक्यू विझार्ड हे विनामूल्य साधन आणि एक साधा मापनाचा माइक असेल तर हे सारे आलेखावर दिसते. ईसीजी वाचणाऱ्यांना तो आलेख वाचणे अवघड जाऊ नये.

यानंतर घरचेच उपाय. कोटा फरशीवर स्पीकर आणि खुर्ची यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा. बाजूच्या भिंतींवर, जेथे आरसा धरल्यास खुर्चीतून स्पीकर दिसतो त्या जागी, पुस्तकांचे कपाट किंवा जाड पडदा. पडदे केवळ वरचे स्वर शोषतात. खर्जाला जाडी लागते, त्यासाठी कापसाच्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या केल्या तर काही अंशी गुण येतो. लोखंडी कपाट, शोकेसच्या काचा आणि खिडकीची जाळी यांपैकी काय थरथरते ते शोधून बंदोबस्त करावा. आणि ऐकताना पंखा शक्य तितका मंद.

शेवटी, कान

स्पीकर घेण्यापूर्वी आपल्या ईएनटी मित्राकडून ऑडिओग्राम काढून घ्यावा, ही माझी आग्रहाची सूचना. वयोमानाप्रमाणे वरचे स्वर प्रथम जातात. साठीकडे झुकलेल्या कानाला १२-१५ हजार हर्ट्झच्या वरचे बहुधा ऐकूच येत नाही. तेव्हा माहितीपत्रकातील "४० हजार हर्ट्झपर्यंत" या शब्दांसाठी आपण पैसे मोजू नयेत. टूल यांच्या अभ्यासात श्रवणक्षमता घटलेल्या श्रोत्यांचे निर्णय अस्थिर आढळले होते. एकाच स्पीकरला ते आज एक गुण देत, उद्या दुसरा. म्हणून घरातील तरुण कानांचेही मत घ्यावे, आणि वृद्ध कानांचेही, कारण त्यांना शब्द हवे असतात.

जे उरले आहे ते जपणे आपल्या हाती आहे. ८५ डेसिबेल आवाज दिवसाला आठ तास ही कामाच्या ठिकाणी सुचवलेली मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबेलला हा अवधी निम्मा होतो. ९४ला तो एक तासच उरतो. लग्नाच्या वरातीतील डीजेपाशी तो किती मिनिटांचा राहतो, याचा हिशेब वाचकांनीच करावा. खोलीला मानवणारे स्पीकर मंद आवाजातही पूर्ण गाणे देतात, त्यामुळे आवाज वाढवण्याचा मोह होत नाही, आणि हा त्यांचा सर्वांत मोठा लाभ.

म्हणून मित्रहो, प्रश्नाचे उत्तर असे : आधी फीत घ्या, मग खोली मोजा, मग आपण काय व किती मोठ्याने ऐकतो ते लिहून काढा. घरात त्या खोलीत कोण बसणार आहे, हेही लिहा. त्यानंतरच दुकानाची पायरी चढा. मालिकेतील धाकटे भावंड निवडा आणि वाचलेल्या पैशांतून ध्वनिमुद्रिका घ्या, शहरातील मैफिलींची तिकिटे काढा. मात्रा योग्य असली की औषध कमी लागते, आणि गुण लवकर येतो.